प्रायोजकाचे नाव, कुटुंबाचे कर्ज : वैमानिक-प्रशिक्षणाच्या किमतीचा हिशेब

विमानकंपनीच्या पुरस्काराने होणारे वैमानिक-प्रशिक्षण, ज्याला या व्यवसायात सर्रास ‘कॅडेट प्रोग्राम’ म्हटले जाते, ते वस्तुतः एकाच नावाखाली चालणारे तीन निरनिराळे आर्थिक व्यवहार आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे या विषयावरची बरीचशी चर्चा फीच्या आकड्याभोवतीच घुटमळत राहते. पहिल्या व्यवहारात कंपनी प्रशिक्षणाचा संपूर्ण खर्च उचलते आणि त्याच्या मोबदल्यात उमेदवाराला ठरावीक वर्षे आपल्याकडेच नोकरी करण्याच्या कराराने, म्हणजे बाँडने, बांधून घेते. दुसऱ्यात ती खर्चाचा काही भाग आगाऊ देते आणि पुढे पगारातून हप्त्याहप्त्याने कापून घेते. तिसऱ्यात कंपनी उमेदवाराची निवड करते, प्रशिक्षणसंस्था ठरवून देते, अभ्यासक्रमावर लक्ष ठेवते, आणि सर्व टप्पे पार पडल्यास व त्या वेळी जागा असल्यास सहवैमानिक म्हणून घेण्याचे सशर्त पत्र देते. खर्च मात्र उमेदवाराने स्वतः भरायचा असतो. भारतात अलीकडच्या काळात रुजलेले बहुतेक कॅडेट प्रोग्राम या तिसऱ्या जातीचे आहेत. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की, या प्रशिक्षणाची खरी किंमत एकूण फीवरून ठरत नाही. नोकरी लांबली, हुकली किंवा कंपनीच बंद पडली तर तो तोटा कोणाच्या माथी बसतो, यावरून ती ठरते, आणि ही कसोटी लावल्यास भारतीय व्यवहारात कंपनी आपले नाव देते, जोखीम मात्र जवळजवळ सगळी कुटुंबाकडे राहते.

प्रथम खर्चाची रचना पाहणे आवश्यक आहे. विमान चालवून पगार घ्यायचा तर नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, व्यावसायिक वैमानिक परवाना लागतो, आणि त्यासाठी एकूण २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते, त्यांपैकी १०० तास उमेदवाराने विमानाचा प्रमुख या नात्याने केलेले असावे लागतात. त्याखेरीज हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तंत्रज्ञान या विषयांच्या लेखी परीक्षा, रेडिओ-दूरध्वनीचा परवाना, आणि शरीर पूर्णतः निकोप असल्याचे पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र ही सगळी दारे ओलांडावी लागतात. हा परवाना हाती आला म्हणजे उमेदवार प्रवासी जेट विमानात बसण्यास पात्र झाला असे नव्हे. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा विशिष्ट जातीच्या विमानासाठी स्वतंत्र पात्रता लागते, तिला टाइप रेटिंग म्हणतात, आणि ती मुख्यतः सिम्युलेटरवर, म्हणजे कॉकपिटची हुबेहूब हालचाल करणाऱ्या जमिनीवरील यंत्रावर, मिळवली जाते. त्यानंतरही कंपनीच्या प्रत्यक्ष उड्डाणांवर प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली काही काळ काढल्यावरच सहवैमानिक स्वतंत्रपणे कामावर रुजू होतो. देशातल्या संस्थेत परवान्यापर्यंतचा खर्च आज साधारण ५० ते ६० लाख रुपयांच्या घरात जातो, टाइप रेटिंगला आणखी १५ ते २५ लाख लागतात, आणि मोठ्या कंपन्यांच्या कॅडेट प्रोग्रामची फी एक कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही वर असते. म्हणजे स्वतंत्र वाट आणि कंपनीच्या नावाची वाट यांत ढोबळ मानाने १५ ते ३५ लाखांचे अंतर पडते. डीजीसीएमान्य उड्डाण-प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम वस्तू व सेवा करातून मुक्त असल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिकृतपणे स्पष्ट झाले, त्यामुळे एक जुना वाद मिटला, पण मूळ अंतर तसेच राहिले.

हा खर्च नेहमीच उमेदवाराच्या डोक्यावर होता असे नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला तेव्हा उड्डाण ही ऐपतवाल्यांची हौस होती, तरीही त्याच सुमारास निघालेल्या दिल्ली आणि मुंबई येथील फ्लाइंग क्लबांच्या पाठीशी सरकारी अनुदान उभे होते. स्वातंत्र्यानंतर अलाहाबादजवळील बमरौली येथे आणि पुढे १९८०च्या दशकात रायबरेलीजवळील फुरसतगंज येथे सरकारने स्वतःच्या प्रशिक्षणसंस्था उभारल्या. ब्रिटनमध्ये बीओएसी आणि बीईए या दोन सरकारी कंपन्यांनी १९६० मध्ये हॅम्बल येथे आपले वैमानिक घडवण्यासाठी महाविद्यालय सुरू केले, तर जर्मनीत लुफ्तान्साने १९५६ पासून ब्रेमेन येथे आपली शाळा चालवली. या संस्थांच्या औदार्याचे गोडवे आजही गायले जातात, परंतु त्या औदार्याचे कारण व्यवस्थापकांच्या मनाच्या मोठेपणात शोधण्याची गरज नाही. १९५३च्या राष्ट्रीयीकरणानंतर भारतात देशांतर्गत नियोजित सेवेसाठी प्रशिक्षित वैमानिकाला इंडियन एअरलाइन्सखेरीज जाण्याजोगी जागाच नव्हती. ज्याच्यावर खर्च केला तो पळून जाण्याची भीती नसेल, तर खर्च करण्यास कोणतीही कंपनी धजावते.

या निरीक्षणाला अर्थशास्त्रात नेमकी जागा आहे. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार मानले : ज्याचा उपयोग कोणत्याही मालकाकडे होऊ शकतो ते सामान्य प्रशिक्षण, आणि ज्याचा उपयोग केवळ शिकवणाऱ्या मालकाकडेच होतो ते विशिष्ट प्रशिक्षण. बेकर यांच्या तर्कानुसार सामान्य प्रशिक्षणाचा खर्च मालक करणार नाही, कारण शिकलेला माणूस शेजारच्या कंपनीने थोडा जास्त पगार देऊन उचलला तर पहिल्याचा पैसा बुडतो. म्हणून तो खर्च शिकणाऱ्यानेच, थेट फी भरून किंवा कमी पगार स्वीकारून, सोसायचा असतो. वैमानिकाचा परवाना हे सामान्य प्रशिक्षणाचे जवळजवळ शुद्ध उदाहरण आहे. टाइप रेटिंग वरवर विशिष्ट वाटते, परंतु इंडिगो आणि एअर इंडिया या दोघांकडेही ए-३२० कुळातली विमाने असल्यामुळे व्यवहारात तेही एका कंपनीकडून दुसरीकडे सहज नेता येते. १९९४ मध्ये हवाई महामंडळांचा कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना रीतसर दार उघडले, तेव्हा एकच मालक असलेली बाजारपेठ संपली, आणि तिच्याबरोबर कंपनीने खर्च उचलण्याचे आर्थिक कारणही संपले. सप्टेंबर २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक नोटिशीची मुदत पुरी न करता सोडून गेल्याची तक्रार घेऊन ती कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा बेकर यांनी कागदावर मांडलेली भीती किती खरी असते हे अवघ्या देशाने पाहिले.

इथवर कंपन्यांची बाजू भक्कम दिसते, आणि ती भक्कम आहेही. मात्र बेकर यांच्या युक्तिवादाला एक अट आहे, जी कंपन्यांचे प्रवक्ते सहसा सांगत नाहीत. शिकणाऱ्याने खर्च सोसावा हे म्हणणे तेव्हाच न्याय्य ठरते, जेव्हा त्याला भविष्यातल्या कमाईच्या भरवशावर वाजवी दराने भांडवल मिळू शकते. आणि माणसाची भावी कमाई कोणतीही बँक गहाण म्हणून ठेवून घेत नाही. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्येच या अडचणीवर बोट ठेवून असा उपाय सुचवला होता की, गुंतवणूक करणाऱ्याने विद्यार्थ्याला ठरावीक हप्त्याचे कर्ज देण्याऐवजी त्याच्या पुढील कमाईतला ठरावीक हिस्सा घ्यावा, जेणेकरून कमाई झाली नाही तर तोटा दोघांत वाटला जाईल. बाजारपेठेचा इतका कट्टर पुरस्कर्ता जे सुचवतो त्याहून भारतीय व्यवस्था अधिक कठोर आहे, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे.

भारतीय बँकांच्या संघटनेने आखून दिलेल्या आदर्श शैक्षणिक कर्जयोजनेनुसार साडेसात लाखांवरील कर्जाला मालमत्तेचे तारण लागते, आणि आई किंवा वडील सहकर्जदार असतात. एक कोटीच्या कर्जाला पुरेल असे तारण म्हणजे बहुधा राहते घर. येथे महाराष्ट्रातील ग्रामीण कुटुंबांची विशेष अडचण उभी राहते : शेतजमीन तारण म्हणून घेण्यास बँका सहसा राजी नसतात, आणि गावठाणातील घराला अनेक ठिकाणी मिळकतपत्रिकाच नसते, म्हणजे ज्याच्याकडे आठ-दहा एकर बागायत आहे तोही या व्यवहारापुरता निर्धन ठरतो, तर पुणे-ठाण्यातील दोन खोल्यांच्या फ्लॅटचा मालक पात्र ठरतो. कंपनीची निवडचाचणी कितीही निःपक्ष असली तरी तिच्या आधी बँकेने एक चाळणी लावलेली असते, आणि त्या चाळणीला उमेदवाराच्या हातातले कसब दिसत नाही.

कर्जाचा बोजा आकड्यांत मांडल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. उदाहरणादाखल एक कोटी रुपयांचे कर्ज ११ टक्के दराने आणि १० वर्षांच्या मुदतीने फेडायचे मानले, तर मासिक हप्ता सुमारे १ लाख ३८ हजार रुपये येतो आणि एकूण फेड १ कोटी ६५ लाखांच्या पुढे जाते. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षापर्यंत हप्ते सुरू होत नाहीत, या सवलतीला मोरॅटोरियम म्हणतात, पण त्या काळात व्याज थांबत नाही. नोकरी एक वर्ष लांबली आणि त्या वर्षाचे ११ लाख व्याज मुद्दलात मिळाले, तर हप्ता १ लाख ५३ हजारांच्या आसपास पोहोचतो, आणि तो उमेदवाराचा पगार सुरू होवो न होवो, सहकर्जदाराच्या खात्यातून जातो. प्रशिक्षणाचा भाग परदेशात असेल तर विनिमयदराची भर पडते : जानेवारी २०२२ मध्ये डॉलर साडेचौऱ्याहत्तर रुपयांच्या आसपास होता, त्याच वर्षाच्या अखेरीस तो ८२च्या पुढे गेला, म्हणजे ८०,००० डॉलरच्या फीत उमेदवाराने काहीही न करता सहा लाखांहून अधिक रुपयांची वाढ झाली. माहितीपत्रकात छापलेली फी ही या अर्थाने किमान किंमत असते. देशातल्या संस्थांत धोका वेगळा असतो : पावसाळ्यातले ढग, दुरुस्तीसाठी उभी राहिलेली विमाने आणि प्रशिक्षकांची चणचण यांमुळे २०० तास ठरल्या वेळात पुरे होतीलच याची खात्री नसते. डीजीसीएने २०२५ मध्ये उड्डाण-प्रशिक्षणसंस्थांची श्रेणीवारी सुरू केली, आणि पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही.

आता प्रश्न असा की, कंपनीच्या नावासाठी जे १५ ते ३५ लाख जास्त मोजायचे, त्यांच्या बदल्यात उमेदवाराला नेमके काय मिळते. काहीच मिळत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आरंभीची निवड : हातांचा आणि डोळ्यांचा मेळ, एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता, दडपणाखालचे वर्तन यांची पारख पैसे भरण्यापूर्वी होते, आणि ज्याला हा व्यवसाय जमणार नाही त्याला ते लवकर कळते. स्वतंत्र वाटेने जाणाऱ्याला ते अनेकदा निम्मे पैसे संपल्यावर कळते. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. वैमानिकाचे सगळे आयुष्य ज्येष्ठताक्रमावर, म्हणजे कंपनीच्या यादीतील त्याच्या अनुक्रमांकावर, चालते. कॅप्टनपद केव्हा मिळेल, कोणत्या शहरात राहता येईल, सुट्टी दिवाळीत मिळेल की नाही, हे सगळे त्या अनुक्रमांकाशी जोडलेले असते. एक वर्ष उशिरा रुजू होणाऱ्याचे जे वर्ष जाते ते पहिल्या तुटपुंज्या पगाराचे नसते. निवृत्तीचे वय ६५ ठरलेले असल्यामुळे ते शेवटचे, ज्येष्ठ कॅप्टनच्या पगाराचे वर्ष असते. ते वर्ष चाळीसएक वर्षांनी येणार असल्याने त्याची आजची किंमत पुष्कळ कमी धरावी लागते हे खरे, तरीही कंपनीच्या पत्रामुळे प्रतीक्षा खरोखर दोन वर्षांनी कमी होणार असेल तर जास्तीची फी वसूल होते, असे हिशेब सांगतो.

सारा भार त्या ‘खरोखर’वर येतो. सशर्त पत्रात कंपनीची गरज ही एक अट असते, आणि कंपनीची गरज तिच्या एकटीच्या नशिबावर अवलंबून नसते. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरचा परवाना निलंबित झाला, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशातली प्रवासी उड्डाणेच बंद राहिली, मे २०२३ मध्ये गो फर्स्टने विमाने जमिनीवर उभी केली. यांपैकी ज्या ज्या प्रसंगी कंपनी बंद पडली तेव्हा तिचे अनुभवी वैमानिक बाजारात आले, आणि इतर कंपन्यांना शिकाऊ उमेदवारापेक्षा तयार कॅप्टन व सहवैमानिक घेणे सोयीचे पडले. म्हणजे ज्या मंदीत उमेदवाराला त्या पत्राची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच मंदीत ते पत्र देणाऱ्या कंपनीला ते पाळणे सर्वांत अवघड जाते, आणि पत्रातल्या अटी तिला न पाळण्याची मुभा देतात. पाऊस चांगला झाला तरच भरपाई देणाऱ्या पीकविम्यासारखा हा करार आहे. दरम्यान उमेदवाराचे कौशल्य गंजू लागते. उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची पात्रता दरवर्षी नव्याने सिद्ध करावी लागते, तिच्यासाठी विमानाचे वा सिम्युलेटरचे तास विकत घ्यावे लागतात, आणि व्याज तर चालूच असते.

यात काळाचा एक खोडसाळ खेळही आहे. डीजीसीएने २०१९ मध्ये ७४४, २०२० मध्ये ५७८, २०२२ मध्ये १,१६५ आणि २०२३ मध्ये १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. एका ए-३२० विमानामागे साधारण दहा ते चौदा वैमानिक लागतात, त्यामुळे वर्तमानपत्रांत वैमानिकांच्या तुटवड्याची गणिते मांडली गेली आणि प्रशिक्षणसंस्थांकडे रांगा लागल्या. पण विमानांची मागणी नोंदवणे आणि विमाने ताब्यात येणे यांत अनेक वर्षे जातात, आणि उमेदवार जाहिरात वाचतो तेव्हाची बाजारपेठ दोन-तीन वर्षांनी परवाना हाती येताना तशीच असेल असे नाही. तुटवडा असतो तोही बहुधा कॅप्टनांचा आणि प्रशिक्षकांचा असतो. वैमानिकांच्या कामाचे तास आणि विश्रांती यांचे नवे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे लागू झाल्यावर डिसेंबरमध्ये इंडिगोला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली, त्या वेळी देशात परवानाधारक बेरोजगार नव्हते असे मुळीच नाही. त्यांच्यात आणि कामाच्या वेळापत्रकात टाइप रेटिंगचा आणि देखरेखीखालच्या उड्डाणांचा अरुंद पूल होता, आणि तो किती रुंद ठेवायचा हे कंपन्याच ठरवतात.

मग कंपनीने सगळा खर्च उचलून बाँड घ्यावा हा पर्याय अधिक चांगला आहे काय? ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये असा प्रोग्राम सुरू केला, त्यात आरंभी सुमारे ६० उमेदवारांचा, प्रत्येकी एक लाख पौंडांपर्यंतचा खर्च कंपनीने उचलला. फुकट मात्र तेही नसते. बाँडच्या काळात वैमानिकाला बाजारभावाने पगार मागता येत नाही, आणि ती घट हीच त्याची फी असते. तरीही जोखमीच्या दृष्टीने हा व्यवहार मुळातून वेगळा आहे, कारण प्रशिक्षण अर्धवट राहिले किंवा कंपनीची गरज घटली तर बुडणारा पैसा कंपनीचा असतो, आणि ज्याचा पैसा बुडणार असतो तो निवड काळजीपूर्वक करतो व गरजेपेक्षा जास्त माणसे भरत नाही. भारतीय प्रोग्राममध्ये हा लगाम नाही. पाचशे उमेदवारांना पत्रे देऊन पुढे तीनशेच घेणाऱ्या कंपनीला उरलेल्या दोनशेंमुळे दमडीचाही तोटा होत नाही.

बाँडविषयी भारतीय कायदा काय म्हणतो हे येथे सांगणे उचित होईल, कारण या बाबतीत भीती आणि बेफिकिरी दोन्ही आढळतात. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे २७वे कलम व्यवसाय करण्यास मज्जाव करणारा करार निरर्थक ठरवते, त्यावरून बाँडला अर्थच नाही असा समज पसरतो. परंतु कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यातील एका कर्मचाऱ्याने पाच वर्षांचा करार मोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात नोकरी धरली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये असा निर्णय दिला की, नोकरीच्या कराराच्या मुदतीपुरते घातलेले बंधन सहसा या कलमाच्या कचाट्यात येत नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणातही त्याच न्यायालयाने तीन वर्षे सेवा न करणाऱ्या अधिकाऱ्याने दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. दुसऱ्या बाजूने त्याच कायद्याचे ७४वे कलम सांगते की, करारात रक्कम कितीही मोठी लिहिली असली तरी वसूल होते ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाईच. म्हणजे झालेल्या खर्चाशी ताळमेळ नसलेला, केवळ धाक घालण्यासाठी लिहिलेला आकडा न्यायालयात जसाच्या तसा टिकेल असे नाही. वाजवीपणाची एक साधी परीक्षा करता येते : बाँडची रक्कम सेवेच्या महिन्यांबरोबर घटते की नाही. २० लाखांचा पाच वर्षांचा बाँड महिन्यागणिक घटत असेल तर तीन वर्षांनी सोडणाऱ्याला ८ लाख द्यावे लागतील. घटत नसेल तर शेवटच्या महिन्यातही पूर्ण २० लाख. या दोन करारांची पहिल्या पानावरची रक्कम एकच असते. याशिवाय डीजीसीएने २०१७ पासून सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस बंधनकारक केली आहे, म्हणजे कंपनीला माणूस टिकवण्याचे एक साधन नियमांनीच दिलेले आहे. ज्याला इतके संरक्षण आहे त्या मालकाने प्रशिक्षणात एक पैसाही न गुंतवण्याचे समर्थन करताना पळवापळवीचेच कारण पुढे करावे, हे पटण्यासारखे नाही.

खर्चाच्या चर्चेत क्वचितच येणारी, परंतु सर्वांत गंभीर बाजू सुरक्षिततेची आहे. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्स कंपनीचे ए-३२० विमान सहवैमानिकाने जाणूनबुजून फ्रान्समधील आल्प्स पर्वतात आदळवले आणि १५० माणसे मृत्युमुखी पडली. फ्रान्सच्या अपघात-अन्वेषण संस्थेने मार्च २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्याच्या मानसिक आजाराची सविस्तर चिकित्सा आहे, आणि तिच्याबरोबर एका कोरड्या आर्थिक तपशिलाची नोंद आहे : लुफ्तान्साच्या शाळेतील प्रशिक्षणातील आपल्या वाट्याचे सुमारे ६०,००० युरो भरण्यासाठी त्याने सुमारे ४१,००० युरोंचे कर्ज काढले होते. त्या कर्जामुळे अपघात झाला असे अहवाल म्हणत नाही, आणि तसे सुचवणे हा आजाराचा आणि मृतांचा अवमान ठरेल. अहवालाचे म्हणणे अधिक सूक्ष्म आहे : आजार कळवला तर परवाना जाईल, परवाना गेला तर उत्पन्न जाईल, आणि पुरेसा विमा नाही, अशा स्थितीतील वैमानिक आजार लपवण्याकडे झुकतो, म्हणून वैद्यकीय कारणाने परवाना गमावल्यास होणारा आर्थिक आघात सौम्य करण्याचे उपाय कंपन्यांनी योजावेत, अशी शिफारस त्यात केली आहे.

जर्मन सहवैमानिकाचे ते कर्ज आजच्या भावाने चाळीस लाखांच्या आसपास भरते. भारतीय कॅडेटच्या डोक्यावरचे कर्ज त्याच्या दुपटीहून अधिक असते आणि त्याच्यामागे आईवडिलांचे घर असते. असा पंचविशीतला सहवैमानिक ‘आज थकवा आहे, उड्डाण घेता येणार नाही’ असे कळवताना, कानात दडे बसले असताना डॉक्टरकडे जाताना, किंवा कॅप्टनच्या चुकीकडे लक्ष वेधताना मनात हप्त्याचा हिशेब करत नसेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. नोंदी तपासून हे सिद्ध करणे कठीण, कारण जे कळवले गेले नाही त्याची नोंदच नसते. सुरक्षेचे नियम वैमानिकाच्या विश्रांतीचे तास मोजतात. त्याच्या कर्जाचा आकडा कोणत्याही नियमाच्या कक्षेत नाही. परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा उपलब्ध असतो, पण तो कर्जाच्या रकमेइतका असावा असे बंधन कोणी घातलेले नाही, आणि कर्ज देणाऱ्या बँकाही विद्यार्थ्याच्या जीवनविम्याचा आग्रह धरतात, परवान्याच्या विम्याचा धरत नाहीत. खरे तर कर्ज बुडण्याची शक्यता मृत्यूपेक्षा वैद्यकीय अपात्रतेने किती तरी अधिक आहे.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी संबंध केवळ उमेदवारांपुरता नाही. गोंदियाजवळील बिरसी विमानतळावर भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई ही कंपनी यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था दीड दशकाहून अधिक काळ चालू आहे, आणि तिच्या आकाशात शिकलेले अनेकजण आज देशातल्या कंपन्यांत कॅप्टन आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने निविदेद्वारे एअर इंडियाला ३० वर्षांसाठी प्रशिक्षणसंस्था चालवण्यास दिली; २०० कोटींहून अधिक गुंतवणूक, वर्षाला १८० वैमानिक घडवण्याची क्षमता, आणि त्यासाठी जेट इंधनावर चालणारी ३४ प्रशिक्षण-विमाने असे तिचे जाहीर झालेले स्वरूप आहे. विमानकंपनीने स्वतःची शाळा काढणे ही हॅम्बल आणि ब्रेमेनच्या परंपरेतली गोष्ट वाटते, आणि विदर्भाच्या दृष्टीने स्वागतार्ह आहेच. मात्र धावपट्टी सार्वजनिक पैशातून झालेली आहे, जमीन शासकीय कंपनीच्या ताब्यातली आहे, आणि तीस वर्षांच्या करारात फीचा किती भाग कंपनीने पगारातून कापून घेण्याच्या अटीवर पुढे ढकलावा, नोकरी न दिल्यास व्याजाचा किती वाटा तिने उचलावा, परवान्याचा विमा कोणी काढावा, गावठाणातल्या घराखेरीज तारण नसलेल्या मुलामुलींसाठी १८० पैकी किती जागा शासनाच्या हमीवर राखाव्यात, हे सगळे लिहिता येण्याजोगे असते. धावपट्टी ज्याची आहे त्याला अटी घालण्याचा अधिकार असतो, आणि राज्यात धावपट्ट्यांची वाण नाही. बारामती, धुळे, जळगाव, लातूर, नांदेड, यवतमाळ अशा अनेक ठिकाणच्या धावपट्ट्यांवर दिवसाचे कित्येक तास विमान उतरत नाही. त्यांतील एखादीची पुढची निविदा निघेल तेव्हा तिच्या मसुद्यात भाडे आणि विमानांची संख्या यांच्याबरोबर या चार बाबींसाठी एक पान जोडण्यास नवा कायदा करावा लागणार नाही.